एकोणिसाव्या ओळीतला हात

मित्रांनो, ज्याचा काळा रंग जागोजागी उडाला आहे असा मी एक जुना फळा. मंठ्याच्या तातेराव सुतारांनी मला घडवलं. पहिली अकरा वर्षं मी काकासाहेबांच्या शिकवणीत काढली. "काय अक्षर उठतं याच्यावर!" असं ते कौतुकानं म्हणायचे. पुढे तिथे पांढरा चकचकीत फळा आला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून मला उचललं त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थिनीनं, वर्षाराणीनं. आपल्या गावी नेऊन तिनं मला शिलाई मशीनच्या वर, भिंतीला टांगलं.

वर्षाराणी रोज सकाळी माझ्यावर दिवसभराची कामं लिही. ब्लाउजचे हूक, साडीचे फॉल, बचत गटाची बैठक, लेकीच्या, छकुलीच्या वह्यांची कव्हरं, शेजारणीच्या पापडाला हातभार. एक काम पुसलं की दोन नवी येत. मला त्याचा गर्व होता. भरलेला फळा तोच कामाचा, असं मी समजत होतो.

सगळ्यांच्या तळाशी एक ओळ असायची: 'मामांचा हात'.

मामा म्हणजे तिचे सासरे, बिरू. उभा जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस. दिवाळीनंतर लकव्यानं त्यांचा उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज दोन वेळा हाताचा व्यायाम करून घ्या. पहिले काही महिनेच मोलाचे असतात." वर्षाराणीनं ते मनापासून लिहिलं. पण वरची कामं उरकेपर्यंत दिवस मावळायचा आणि मामांचा डोळा लागायचा. दुसऱ्या दिवशी ती ओळ पुन्हा तळाशी. महिना असाच गेला.

एका सकाळी मामा काठी टेकत माझ्यासमोर उभे राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं.

"पोरी, येवढं काय लिहून राह्यली? माझं काई हाय का त्यात?"

"हाय की मामा. हे बघा, खाली. एकोणिसावं."

मामा रागावले नाहीत. म्हणाले, "कळपात शंभर मेंढरं असली तरी आधी लंगडीला बघावं लागतं. बाकीची आपल्या पायानं चालतेत."

वर्षाराणीचा खडू थांबला. तिनं ओलं फडकं घेतलं आणि मला वरपासून खालपर्यंत पुसून काढलं. बराच वेळ मी कोरा होतो. आता आपली गरज संपली, असंच मला वाटलं. मग तिनं तीनच ओळी लिहिल्या. पहिली होती 'मामांचा हात'.

हे सोपं नव्हतं. त्याच दिवशी नेहमीच्या गिऱ्हाईक लाडबाई फॉल लावायला साडी घेऊन आल्या.

"काकू, आज न्हाई जमायचं. परवा देते."

"परवा? मंग दुसरीकडं टाकते मी," म्हणत त्या निघून गेल्या.

वर्षाराणीचा चेहरा उतरला. तरी तिनं तेलाची वाटी घेतली आणि मामांची बोटं एकेक करून उघडायला बसली. शेजारणीकडे पापड लाटायला ती त्या वर्षी गेलीच नाही. वह्यांना कव्हरं छकुलीनं स्वतः घातली, वाकडी का होईना. कुणाचं काही अडलं नाही.

पाचव्या आठवड्यात मामांचा अंगठा हलला. हात पूर्वीसारखा झाला नाही. खांद्याच्या वर तो आजही जात नाही. पण होळीच्या आदल्या दिवशी जेवताना त्यांनी उजव्या हातानं भाकरी धरली. ती दोनदा निसटली. वर्षाराणी मदतीला पुढे सरकली, तर त्यांनी मान हलवून तिला थांबवलं. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी ती मोडली.

मित्रांनो, कामं लिहायला मी आजही आनंदानं अंग पुढे करतो. फक्त एवढी विनंती आहे: लिहिण्याआधी घरातल्या माणसांकडे एकदा बघून घ्या. माझ्यावर जागा उरली तर मला मुळीच वाईट वाटत नाही.

त्या दिवशी मोडलेल्या भाकरीचा मोठा तुकडा मामांनी वर्षाराणीच्या ताटात ठेवला आणि म्हणाले, "घे पोरी. आधी तू जेव."