गव्हाखालच्या सात ओळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे आणि माझ्यावर पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ आहे. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. तरी सांगते.

कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या माळावर तोर्वाल्ड नावाच्या शेतकऱ्याने गहू साठवायला लाकडी कोठार बांधले. त्याच्या एका भिंतीत आम्ही सात बहिणी एकीखाली एक बसलो. मी सर्वांत वरची. आमच्याकडे कोठाराच्या आतल्या भिंतींवर सगळेच लिहितात. पहिला बर्फ कधी पडला, गारा कधी झाल्या, रानबदके कधी परतली. सगळेच लिहितात, म्हणून कुणीच वाचत नाही.

एका हिवाळ्यात तोर्वाल्डचा पाय मोडला. गहू उपसण्याचे काम त्याच्या बायकोवर, गुद्रुनवर आले. कोठार भरलेले होते. गव्हावर उभी राहिली की तिचा हात माझ्यापर्यंत पोहोचे. तिने कानामागची पेन्सिल काढून माझ्यावर लिहिले, 'गवत चालत राहते, आम्ही तेवढे थांबलो.' गहू उतरला तशी तीही दर फळीवर एक ओळ लिहीत खाली आली. 'ढगाची सावली शेतातून गेली, दार न वाजवता.' बर्फ वितळेपर्यंत ती सातव्या फळीशी, जमिनीला टेकली होती.

"कसली गिरवागिरवी चाललीय?" तोर्वाल्डने दारातून विचारले.

"हवामान लिहितेय," ती म्हणाली.

पुढच्या सुगीत आमच्यावर पुन्हा गहू पडला. वर्षे गेली, तोर्वाल्ड गेला, पत्र्याच्या गोल कोठ्या आल्या. आम्ही रिकाम्या उभ्या राहिलो. मग त्यांच्या मुलाने, हाल्वरने, कोठार जाळायचे ठरवले. इथे जुनी कोठारे अशीच जातात. आग पसरू नये म्हणून जमिनीवर पातळ बर्फ हवा आणि वारा पडलेला हवा.

तसा दिवस उजाडला. गुद्रुन काठी टेकत अंगणापर्यंत आली.

"हाल्वर, आत एकदा बघून घे."

"आई, उंदरांशिवाय काय असणार आत?"

"काही नाही रे. माझं आपलं काहीतरी." आणि ती काठी टेकत मागे सरली. मला ओरडावेसे वाटले. पण लाकूड फार तर करकरते.

हाल्वरने खालच्या कोपऱ्यात पेंढा कोंबून काडी लावली. तेवढ्यात शेजारचा म्हातारा दानिलो धापा टाकत आला.

"अरे थांब! माझी करडी मांजर चार दिवस झाले दिसली नाही. पिल्लं घालायला इथेच येते ती सटवी!"

तो वाकून आत शिरला. मांजर नव्हती. पण फटीतून आलेल्या उजेडात तो भिंतीपाशी थबकला आणि गुद्रुनचे अक्षर ओळखून वरच्या ओळी ओठ हलवत वाचू लागला.

"दानिलोकाका, बाहेर या! वारा फिरतोय!"

"पहार आण आधी! तुझ्या आईने इथे... अरे, आण म्हणतो ना, गाढवा!"

हाल्वर पहार घेऊन आत आला. त्याने मला वाचले, आणि त्याचा चेहराच बदलला. खिळे निघता निघेनात. मी सुटले, मग दुसरी, तिसरी. धूर छातीपर्यंत उतरला. दानिलो खोकत म्हणाला, "पुरे, छप्पर येईल खाली!" हाल्वर ऐकेना. सहावी ओढताना त्याचा हात भाजला. सातवीकडे तो वळला, पण ती आधीच पेटली होती. पेंढा त्याने तिच्याच पायाशी ठेवला होता.

दानिलोने त्याला कॉलर धरून बाहेर ओढले. छप्पर कोसळले.

आता आम्ही सहा जणी स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहोत. मांजर दानिलोच्याच गंजीत सापडली. मित्रांनो, जुने काही मोडण्याआधी आत जाऊन एकदा वाचा. आणि कुणी "माझं आपलं काहीतरी" म्हटले, तर थांबा.

"आई, सातवी ओळ काय होती गं?" हाल्वर अजून विचारतो.

मला ती पाठ आहे. 'एवढ्या आकाशाखाली, माझ्या फावड्याशेजारी, हाल्वर गव्हात झोपलाय.'

गुद्रुन त्याच्या भाजलेल्या हाताकडे पाहते.

"आठवत नाही रे," ती म्हणते. पण तो शेतावर गेला की आमच्याखालच्या रिकाम्या भिंतीवरून तिचे बोट हळूहळू फिरते, आणि जिथे ती ओळ संपत असे, तिथेच थांबते.