महाराजांनी हात दाखवला

कोर्टाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. कर चुकवल्याचा खटला अंगावर असलेले महाराज पायऱ्यांवर उभे राहिले. "कर हवा ना? हा घ्या कर," म्हणत त्यांनी कोरा तळहात गर्दीला दाखवला, त्यावर राख चोळून फुंकर मारली, आणि काळी अक्षरं उमटली. देवाने निकाल दिला होता. बाया रडल्या. एका वकिलाने कोटासकट लोटांगण घातलं.

संध्याकाळी बातमीदाराने मथळा आणला : 'न्यायाधीशांआधी देव म्हणाला, निर्दोष'. संपादकबाईंनी फोटो डोळ्यांजवळ धरला.

"अरे, हातावर तर 'निर्दोश' आहे. शेंडीफोड्या श."

"तो मी बातमीत सुधारला, बाई."

"देवाचं शुद्धलेखन सुधारणारा तू कोण लागून गेलास?"

महाराज जाहिराती स्वहस्ते लिहून पाठवत. 'विशेश प्रवचन', 'दोश निवारण'. बाईंनी कितीदा तरी तो श दुरुस्त केला होता.

घरी बाईंची थोरली बहीण तोंड फिरवून बसली होती. ती महाराजांच्या मठाच्या कचेरीत कामाला होती. देणग्या कुठे मुरतात ते तिने पाहिलं होतं. उद्या तिची साक्ष होती.

"मी जाणार नाही. देवानेच सांगितल्यावर मी कशाला तोंड उघडू?"

"ताई, आपले अण्णा श-ष चुकला की पाटीभर लिहायला लावायचे. देवालाही सोडलं नसतं त्यांनी."

"चुकतं एखादं अक्षर देवाच्या हातून."

"चुको बापडं. पण नेमकं महाराजांचं चुकतं तेच?"

बाईंनी काडी दुधात बुडवून स्वतःच्या तळहातावर लिहिलं, वाळू दिलं. हात कोरा दिसला. मग जुना अंक जाळून त्याची राख चोळली, फुंकर मारली. 'निर्दोष'.

"दूध वाळलं तरी चिकट राहतं, राख तिथेच धरते. आणि माझ्या देवाचा ष बघ. चांगला पोटफोड्या."

ताईने तो हात बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाली, "उद्या मला लवकर उठव."

साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या ताईला महाराजांच्या वकिलाने दरडावलं, "देवाच्या निकालाविरुद्ध बोलता?"

"तो निकाल दुधाचा आहे, साहेब. महाराजांना हात धुऊन पुन्हा राख चोळायला सांगा."

महाराजांनी हात शालीत घेतला. ताईने मग मठातलं सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दैनिकात दुधाची कृती सविस्तर छापली होती. खाली बाईंची एकच ओळ होती : कुणी हात दाखवला, तर आपले जोडण्याआधी त्याला त्याचा धुवायला सांगा.