स्तुतीची लेखी प्रत

नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या आदल्या सकाळी कुलगुरू पेनरोज यांनी डॉ. झ्वेलाखे डोंडाशे यांना बोलावले आणि चक्क खुर्ची दिली. एकोणीस वर्षांपूर्वी, सरकारी हुकुमाचे निमित्त करून इतिहास विभागातून त्यांना काढून टाकताना, याच खोलीत उभे ठेवले होते. सौजन्यालाही सत्तांतराची वाट पाहावी लागली, असे झ्वेलाखेंच्या मनात आले.

"झ्वेलाखे, तुझे आजोबा इम्बोंगी होते ना? उद्या सभागृहात प्रिटोरियाचा सोहळा पडद्यावर दाखवतोय. तो संपला की तू कातडं पांघरून, भाला घेऊन ये. थोडं स्तुतिगान कर. लेखी प्रत आज दे, समिती बघेल."

"इम्बोंगी लिहून आणत नाही. समोर दिसेल ते बोलतो."

"बरं, राहू दे. पण गोड बोल, सलोख्याचा दिवस आहे. आणि पाहुण्यांसाठी इंग्रजीतही सांग." पेनरोजनी टेबलावरच्या पाकिटावर बोट टेकवले. "तुला इतिहास विभागात परत, प्रमुख म्हणून घेण्याची शिफारस. परवा सही करीन म्हणतो."

मिशनऱ्यांनी केलेल्या झोसा भाषेच्या कोशात 'इम्बोंगी'चा अर्थ 'स्तुतिपाठक' असा दिला आहे. राजाला भर सभेत, तोंडावर खडसावण्याचा ज्याला हक्क, तोही इम्बोंगीच. हा अर्धा अर्थ छापायचा राहून गेला. पेनरोज यांचे सगळे झोसा-पांडित्य त्या छापील अर्ध्यावर उभे होते.

विद्यापीठाच्या भोजनगृहात स्वयंपाकीण मादलोमोने मका-घेवड्याची थाळी पुढे सरकवली. तिचा मुलगा म्बुयिसेलो याच विद्यापीठात शिकत होता. पोलिसांनी त्याला वसतिगृहातून नेले, तो परतला नाही. पोलिसांकडे विद्यार्थ्यांच्या नावांची यादी पेनरोज यांच्या सहीनिशी गेली होती, आणि हे तिला आणि झ्वेलाखेंना, दोघांनाही ठाऊक होते.

"काय भेले, खुर्ची मिळाली म्हणे!" तिने त्यांना कुळाच्या नावाने हाक मारली.

"मिळाली, मा. टोचते."

"टोचली तरी बूड हलत नाही म्हणतात. उद्या गिळणार, की ओकणार?"

त्या दिवशी झ्वेलाखेंची थाळी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर सेनापतींचे हात नव्या राष्ट्राध्यक्षांपुढे कपाळाला लागले आणि विमाने नव्या झेंड्याचे रंग सोडत गेली. पेनरोजनी डोळे पुसले. मग कातडे पांघरलेले झ्वेलाखे पडद्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी झोसात हाक घातली.

"ज्यांच्या घरघरीनं आम्ही खड्डे शोधले, ती विमानं आज तुला सलाम करतात! त्यांचं मन बदललं म्हणून नव्हे, तू वाकला नाहीस म्हणून! तुझी क्षमा तू खुशाल वाट, बाबा. पण मादलोमोच्या वाट्याची क्षमा तिला विचारल्याशिवाय वाटू नकोस!" भाल्याचे टोक पहिल्या रांगेकडे वळले. "आणि तू, पेनरोज! म्बुयिसेलोचं नाव ज्या हातानं लिहून दिलंस, त्याच हातानं आज डोळे पुसतोस?"

मागच्या रांगांतून "भेले! भेले!" असा गजर उठला. मादलोमो भिंतीला टेकून उभी होती. ती ओरडली नाही. म्बुयिसेलोला नेल्यापासून डोक्याला बांधलेला शोकाचा रुमाल तिने फक्त काढला.

पेनरोज हसतमुखाने टाळ्या वाजवत होते. स्वतःच्या नावापलीकडे त्यांना एक अक्षर कळले नव्हते. झ्वेलाखे आत्ता खाली उतरले असते, तर पाकीट त्यांचेच होते.

गजर ओसरेपर्यंत ते थांबले.

"कुलगुरूंच्या आज्ञेवरून," ते स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "आता पाहुण्यांसाठी भाषांतर."

म्बुयिसेलोच्या नावापाशी पेनरोज यांचे टाळीसाठी उचललेले हात हवेतच थांबले.