टेबलाला बांधलेल्या कंट्रोलरची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात, तो. तुमच्या घरातली मोठी माणसं मला रिमोट म्हणतात. कृपा करून तसं म्हणू नका. रिमोट हा आळशी माणसाचा नोकर असतो. मला अंगठे लागतात, डोळे लागतात आणि थोडी अक्कल लागते. शेवटची गोष्ट मला फार थोड्या लोकांकडून मिळाली.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही भावंडं एकामागून एक पुढे जात होतो. पट्ट्याच्या टोकाला एक तपासनीस बाई बसायच्या. त्या प्रत्येकाची सगळी बटणं दाबून बघत, अंगठ्याने हलवायच्या दोन्ही दांड्या गोल फिरवत आणि मगच कागदावर खूण करत. त्यांनी मला जितकं लक्ष देऊन हाताळलं, तितकं पुढच्या चार वर्षांत जवळजवळ कुणीच हाताळलं नाही.

मला वाटलं होतं, आपण कुणाच्या तरी घरी जाऊ. गेलो एका दुकानात. तिथे एका उंच टेबलावर मला ठेवलं, पोटाला पोलादी साखळी बांधली आणि पाठीवर 'नमुना' अशी चिठ्ठी डकवली. समोर पडदा, बाजूला एक स्टूल. येणाऱ्या-जाणाऱ्याने खेळून बघावं आणि मग विकत घ्यावं, एवढ्यात माझा जन्म सार्थकी लागणार होता. लोक आले. चिकट हातांनी आले, नाक पुसलेल्या हातांनी आले. एकाने कानात खाजवलं आणि त्याच बोटाने माझं बटण दाबलं. बहुतेक जण उभ्याउभ्या दोन मिनिटं झटापट करायचे, हरायचे आणि म्हणायचे, "हा कंट्रोलरच खराब आहे." अंगण वाकडं म्हणायला नाचणाऱ्याला काय लागतं?

दुकानाचे मालक आधी मिक्सर विकायचे, मग मोबाइलची कव्हरं विकायला लागले आणि शेवटी खेळांकडे वळले. त्यांनी स्वतः आयुष्यात एकही खेळ खेळलेला नव्हता. गिऱ्हाईक आलं की ते खेळाच्या डबीवर छापलेली बक्षिसांची पदकं मोजून दाखवत. "याला तीन मिळालीत. त्याला दोनच आहेत, तो राहू द्या." त्यांच्या लेखी खेळही मिक्सरच होता. जास्त पाती, जास्त दाम.

डिसेंबर लागला की त्यांच्या अंगात यायचं. आधी आठवडाभर सगळ्या किमती गुपचूप वर चढायच्या आणि मग दारावर भला मोठा फलक लागायचा: 'वर्षअखेरचा महासेल. गाजलेले खेळ निम्म्या किमतीत. फक्त बारा दिवस.' एरवी कपाटात ऐटीत उभे असलेले खेळ टोपलीत कांद्याबटाट्यासारखे ओतले जायचे. आणि मित्रांनो, माणसं त्या टोपलीत कोपरापर्यंत हात घालायची. एकाच डबीची दोन टोकं धरून भांडणारी दोन मोठी माणसं मी पाहिली आहेत. दोघांनाही तो खेळ कशाबद्दल आहे हे ठाऊक नव्हतं.

या गर्दीत एक जण रोज यायचा. गळ्यात मोठे हेडफोन, हातात टोपली आणि तोंड सतत चालू. मी त्याचं नाव जाणकार ठेवलं होतं. कुणीही कुठलीही डबी उचलली की हा बाजूला येऊन उभा राहायचा आणि सांगायला लागायचा, की हा खेळ का महान आहे, तो का त्याहून महान आहे. दुकानात काम करणाऱ्या मुलीने एकदा त्याला सहज विचारलं, "तुम्ही हे सगळे खेळलायत?"

"खेळायला वेळ कुठे मिळतो?" तो म्हणाला. "घरी सव्वीस पडलेत, वेष्टनसुद्धा काढलेलं नाही. पण संग्रही असावेत."

त्या वर्षी माझ्या पडद्यावर होडीचा एक खेळ लावला होता. एक टपालवाली बाई सात बेटांवर पत्रं पोचवते. पहिल्या बेटाला पाणी शांत असतं, पुढे वारा वाढतो, खडक वाढतात, आणि सातव्या बेटाची खाडी इतकी चिंचोळी, की अंगठा केसभर जास्त सरकला तरी होडी फुटलीच. तीन पदकांचा खेळ होता, म्हणून ढिगाने खपत होता. चार महिन्यांत माझ्यावर तिसऱ्या बेटापुढे कुणी गेलेलं नव्हतं.

सेलच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक मावशी आल्या. त्या दुकानातल्या मुलीच्या सख्ख्या मावशी. म्हणून मुलीला मी भाची म्हणेन आणि त्यांना मावशी. जवळच्या दवाखान्यात त्यांना हाताचे व्यायाम करायला जावं लागे आणि घरी एकटीने जायचा धीर होत नसे, म्हणून भाची सुटेपर्यंत त्या दुकानात थांबायच्या. माझ्या बाजूच्या स्टुलावर त्यांना बसवलं. उजवा हात कोटाच्या खिशात होता. तो त्यांनी बाहेर काढलाच नाही.

त्यांची सगळी हकीकत मला भाचीच्या बोलण्यातून कळली. मावशींनी तीस वर्षं शिवणकाम केलं होतं. कोट, गणवेश, पडदे, जे येईल ते. गेल्या वसंतात एका सकाळी कापड कापताना हातातली कात्री गळून पडली आणि पाठोपाठ त्याही पडल्या. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र सावरला नाही. डॉक्टरांनी दाबायला रबराचा चेंडू दिला होता. तो त्यांनी शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला. शिलाई मशीनवर चादर टाकली, आणि पलीकडच्या गल्लीतल्या एका शिंप्याला सांगून टाकलं, की वर्ष संपलं की मशीन घेऊन जा.

"मावशी, नुसती बसून काय राहतेस? हे धरून बघ," भाची म्हणाली.

"हे पोरखेळ मला काय करायचेत?"

"बोटं हलतील."

"बोटं हलवून कुणाचं भलं झालंय? इथे ही सगळी हलवतायत की."

हे वाक्य ऐकून मी कान टवकारले. दुकानात प्रथमच कुणीतरी शहाणं आलं होतं.

पण हातात धरल्यावर माझी निराशा झाली. खरं सांगतो, मित्रांनो, मला त्यांची कीवसुद्धा आली नाही. रागच आला. उजवा अंगठा माझ्या दांडीवर ओल्या फडक्यासारखा पडला होता. होडी धक्क्यावरून सुटली, गर्रकन फिरली आणि धक्क्यावरच आपटली. अशी सतरा वेळा आपटली. मी मनात म्हटलं, आणखी एक आली. आता म्हणेल कंट्रोलर खराब आहे.

मावशींनी मला खाली ठेवलं, चष्मा पुसला, आणि माझ्याकडे नाही, स्वतःच्या अंगठ्याकडे बघून म्हणाल्या, "मेल्या, बटणांची काजं करायचास तू. एका दिवसात चाळीस. आणि आता होडी हाकता येत नाही?" मग मला परत उचललं.

त्या रोज येऊ लागल्या. सेलच्या चौथ्या दिवशी त्यांनी पहिलं बेट गाठलं. सहाव्या दिवशी तिसरं. त्यांना त्या टपालवाल्या बाईशी, समुद्राशी, पत्रांशी काहीही देणंघेणं नव्हतं. पडद्यावर सुंदर सूर्यास्त झाला की त्या म्हणायच्या, "बाजूला हो, खडक दिसू दे." मला हे फार आवडलं. अंगठा अजून थरथरायचा, पण आता त्यात जीव होता. दांडी किती सरकवायची आणि कुठे सोडायची, हे त्याला हळूहळू आठवत होतं.

सातव्या दिवशी मालकांचं तिकडे लक्ष गेलं. त्यांनी भाचीला कोपऱ्यात घेतलं, पण त्यांचा आवाज कोपऱ्यात मावणारा नव्हता.

"हा काय दवाखाना आहे? तुझ्या मावशी तीन तास टेबल अडवून बसतात. घेणार काही नाहीत."

"सर, त्यांचा हात सुधारतोय."

"सुधारू दे ना. घरी सुधारू दे. उद्यापासून त्या दिसल्या तर तूही दिसू नकोस."

मावशी उठल्याच होत्या. पण तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "या आजी खेळत होत्या तो कुठला?" त्यांनी तो घेतला. त्यांच्या मागच्या बाईंनीही घेतला. मालकांनी पाहिलं, तर मावशींच्या पाठीशी आठ-दहा जणांचं कोंडाळं जमलं होतं. त्यांचा चेहरा असा पालटला, की सरडाही लाजला असता.

"मावशी, बसा बसा. चहा सांगू का? उद्या जरा लवकर याल?"

दुसऱ्या दिवशी टेबलावर पुठ्ठ्याची पाटी होती: 'आजारी मावशींना जमतं, मग तुम्हाला का नाही?' भाचीचे डोळे भरून आले. मावशींनी पाटी शांतपणे वाचली. मग ती दोन्ही हातांत धरली आणि मधोमध फाडली. दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडली. जाड पुठ्ठा होता. चार तुकडे मालकांच्या पुढ्यात ठेवून त्या म्हणाल्या, "मी तुमच्या टोपलीतला माल नाही." मालकांनी तुकडे उचलून गल्ल्याखाली सरकवले. खप चांगला चालला होता.

त्याच दिवशी जाणकार त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. मावशी पाचव्या बेटाच्या वाऱ्यात होत्या.

"तुम्हाला कल्पना नसेल," तो म्हणाला, "पण हा खेळ खरं म्हणजे एकटेपणाविषयी आहे. सातव्या बेटावर ते उलगडतं."

"तुम्ही गेलायत सातव्यावर?"

"मी त्यावर पुष्कळ वाचलंय."

मावशींनी मला त्याच्या हातात दिलं. काय सांगू, मित्रांनो. मऊ, गुबगुबीत, कधी कशाला न लागलेले हात. दुसऱ्या बेटाच्या अलीकडे त्याने होडी चार वेळा फोडली आणि मग माझी डावी दांडी ढिली असल्याचं जाहीर केलं. ती ढिली आहे, हे खरं. मावशींनी ती आठवडाभर तशीच वापरली होती. "असेल," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला परत घेतलं.

बाराव्या दिवशी सेल संपत आला तेव्हा मावशी सातव्या बेटाच्या खाडीत शिरल्या. माझ्यावर कुणी इथवर आलंच नव्हतं. माझा ऊर भरून आला होता. दुकान गिऱ्हाइकांनी गच्च भरलेलं, आणि मालक ओरडत होते, "शेवटची पंधरा मिनिटं, टेबलावरचा नमुनासुद्धा निम्म्यात." जाणकाराने हात वर केला. ढिल्या दांडीसकट त्याला मी हवा होतो. जुनी वस्तू संग्रही असावी म्हणून.

मालक पक्कड घेऊन साखळी तोडायला आले.

"सर, पाचच मिनिटं," भाची म्हणाली. "ती शेवटच्या बेटावर आहे."

"बेटं गेली खड्ड्यात. गिऱ्हाईक थांबलंय."

त्यांनी साखळीला हिसका दिला. त्यांचा कोट टेबलाच्या कोपऱ्यात अडकला आणि कोटाचं वरचं बटण तुटून घरंगळत मावशींच्या पायाशी गेलं. मावशींनी ते उचललं. मग त्यांनी जे केलं, त्याची मला पुढे कित्येक दिवस चीड येत होती. होडी दोन खडकांच्या मधोमध, बेट हाकेच्या अंतरावर, आणि त्यांनी मला टेबलावर ठेवून दिलं.

पर्स उघडून त्यांनी सुई-दोरा काढला. दोरा डाव्या हातात धरला, सुई उजव्या हातात. क्षणभर थांबल्या आणि दोरा ओवला. पहिल्याच खेपेला.

"हलू नका," त्या मालकांना म्हणाल्या. "एवढे खेळ विकता, आणि धड कोट घालायची अक्कल नाही."

मालक पक्कड हातात धरून पुतळ्यासारखे उभे राहिले. मावशींनी बटण लावलं, खाली दोऱ्याचे चार फेर दिले, गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला. पडद्यावर होडी कधीच खडकावर फुटली होती. तिकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. भाची तोंडावर हात ठेवून रडत होती.

"रडायला काय झालं?" मावशी म्हणाल्या. "तुझा फोन दे इकडे. त्या शिंप्याला सांगते, मशीन मिळणार नाही म्हणून."

"आणि हे? एकच बेट राहिलं होतं."

"राहू दे. त्या बाईला पत्रं पोचवायचा पगार मिळतो. मला नाही मिळत."

त्या दोघी बाहेर पडल्या. जाताना भाचीने कामावरून सुटायची वेळ व्हायच्या आधीच आपला नावाचा बिल्ला गल्ल्यावर ठेवला. मालकांनी हाक मारली, पण मावशींनी तिला मागे वळू दिलं नाही. पुढे तिने मावशींकडे काम शिकायला सुरुवात केली, हे मला जाणकाराच्या बोलण्यातून कळलं. त्याने आपली पँट आखूड करायला तिथे टाकली होती, आणि शिवणकामाच्या इतिहासावर दोघींना काहीतरी ऐकवायलाही तो विसरला नव्हता.

आता मी त्याच्या कपाटात आहे. माझ्या वर एकतीस खेळ आहेत, सगळ्यांवर वेष्टन. पाहुणे आले की तो दार उघडून आम्हाला दाखवतो आणि दार लावून घेतो. मावशींचा राग आता माझ्या मनातून गेला आहे. मी साधन आहे. काम झाल्यावर मला खाली ठेवलं, यात काही चुकलं नाही. कामच न करता मला छातीशी धरून मिरवणारे मात्र माझ्या मनातून उतरले ते उतरलेच.

म्हणून, मित्रांनो, तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे. कुणी निम्म्या किमतीची टोपली पुढे सरकवली, तर किंमत नंतर वाचा. आधी आपल्या हातांना विचारा, तुम्हाला याच्याशी काही काम आहे का? असेल, तर एकच घ्या आणि झिजेपर्यंत वापरा. नसेल, तर हात खिशात घाला आणि सरळ घरी जा. आमच्या कपाटात आता जागा नाही.