पायाखालचा चंद्र

मित्रांनो, शनिवार पेठेतल्या एका शाळेच्या भूगोलाच्या कपाटात जी जुनी लाकडी पृथ्वी बसून असते, ती मी. स्वातंत्र्यानंतर दहा-बारा वर्षांनी दत्तोबा सुतारांनी मला सागाच्या ओंडक्यातून घडवलं. माझ्याभोवती निळ्या पत्र्याचं कडं बसवलं. तो माझा समुद्र. कडं गोल नव्हतं. चंद्राच्या बाजूला त्याला एक फुगवटा होता आणि बरोबर विरुद्ध बाजूला दुसरा. चंद्र म्हणजे दांडीच्या टोकाचा पितळी गोळा. मूठ फिरवली की मी कड्याच्या आत फिरे, आणि माझ्या अंगावर कोकण किनाऱ्याला टोचलेली तांबडी टाचणी एका फेरीत दोन्ही फुगवट्यांखालून जाई. दिवसाला दोन भरत्या त्या अशा.

भूगोल शिकवणाऱ्या मंदाकिनीबाई मला पदराने पुसत. तपासणीला आलेल्या साहेबांनीही एकदा मूठ फिरवून पाहिली होती आणि 'छान' म्हटलं होतं. त्या एका शब्दावर मी वर्षभर खूश होते.

पुढे एका स्नेहसंमेलनात कुणीतरी मला खुर्च्यांखाली सरकवलं आणि चंद्राच्या उलट बाजूचा फुगवटा तुटून पडला. जोडून आणू, जोडून आणू म्हणता म्हणता वर्ष गेलं. मग एका शुक्रवारी बाईंनी मला तशीच वर्गात आणलं. घड्याळाकडे बघत त्यांनी एकच बाजू शिकवली. चंद्र पाण्याला ओढतो, म्हणून त्याच्या खालचं पाणी फुगतं. उरलेलं सोमवारी सांगते म्हणाल्या आणि निघाल्या.

पहिल्या बाकावरची कुसुम दुसऱ्याच दिवशी आईवडिलांबरोबर कोकणात देवदर्शनाला गेली. सोमवारी ती आली नाही. आठवड्याने बाई मला पिशवीत घालून नारायण पेठेत तिच्या घरी घेऊन गेल्या. तिथे जे ऐकलं, ते आजही माझ्या लाकडाला सोसत नाही.

रविवारी पौर्णिमा होती. पहाटे कुसुमने चंद्र समुद्रात मावळताना पाहिला. पाणी तेव्हा दूर ओसरलेलं होतं. त्या देवळाची प्रदक्षिणेची वाट खडकांवरून जाते. साडेदहाला तिचे वडील श्रीधरपंत निघाले, तेव्हा फुलं विकणाऱ्या मथुराबाईंनी त्यांना अडवलं. पाणी चढतंय, दुपार ओसरल्यावर जा, म्हणाल्या. कुसुमने वडिलांना समजावलं की चंद्र मावळलाय, आता भरती येणारच नाही. लेकीचं कौतुक वाटून श्रीधरपंत मथुराबाईंना म्हणाले, "अहो, चंद्र तर गेला पहाटेच. आता भरती कोण आणणार, तुम्ही?"

वळणावर लाटेने त्यांना खडकावरून खेचलं. कोळ्यांनी दोर टाकून बाहेर काढलं म्हणून जीव वाचला. पाय मात्र दोन ठिकाणी मोडला. डॉक्टर म्हणाले, आता तो सरळ होणार नाही.

"पायाचं राहू द्या हो," श्रीधरपंत बाईंना म्हणाले. "पोरगी आठ दिवस बोललेली नाही. तेवढं बघा."

बाईंनी मला कुसुमपुढे ठेवलं. "चूक तुझी नाही, बाळ. कीर्तन रंगलं की पुढची रांग बुवांकडे सरकते. मधली थोडी सरकते, आणि अगदी मागची जवळजवळ जागच्या जागी राहते. मग मधल्यांच्या पुढेही अंतर पडतं आणि मागेही. चंद्राचं तसंच आहे. जवळचं पाणी तो जास्त ओढतो, पृथ्वीला त्याहून कमी आणि पलीकडच्या पाण्याला सगळ्यात कमी. म्हणून पलीकडेही पाणी फुगतं. त्या दिवशी तुम्ही त्या बाजूला होता. चंद्र तुमच्या पायाखाली होता, पृथ्वीच्या पलीकडे."

कुसुमने माझ्या कड्याच्या तुटक्या कडेवरून बोट फिरवलं. मग आठ दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"मग हे शुक्रवारीच का नाही सांगितलंत?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "मला कीर्तनाला उशीर होत होता."

कुसुम आईच्या कुशीत शिरून रडली, आणि बाई तिथेच जमिनीवर बसून राहिल्या.

मित्रांनो, मी मोडकी होते याचं मला दुःख नाही, वस्तू मोडतातच. पण मोडकी असताना मला पुरती म्हणून तुमच्यापुढे ठेवू देऊ नका. अर्धंच सांगता आलं, तर उठण्याआधी एवढं तरी सांगा, की हे अर्धं आहे.