लघवीची गोळी

डेपोत सगळे कंडक्टरबाईंना मागून 'तोफ' म्हणत. तोंडावर म्हणायची छाती होती ती फक्त त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरची. फुकट जाऊ पाहणारा असो की दारात लोंबकळणारा, बाईंनी नजर रोखली की माणूस मुकाट जागेवर बसे. अशा या बाई एका सकाळी भरल्या गाडीत तिकीट देता देता दांडा धरून खाली बसल्या, त्यांनी पुन्हा डोळे उघडले ते सरकारी दवाखान्याच्या खाटेवरच.

लेक उशाशी उभी होती. डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून केसपेपर चाळत होत्या.

"दोन औषधं चालू होती, तिसरं वाढवलं, तरी रक्तदाब चढलेलाच. आता चौथं लिहिते. हेही इथे मिळणार नाही, बाहेरून आणावं लागेल."

"कुठून आणू?" लेक एकदम बोलून गेली. "तिसऱ्यासाठी तर मी शिवणाचा क्लास सोडला!"

बाईंनी मान वळवली. क्लास का सोडलास, तर 'मन रमत नाही' असं ही पोरगी सांगत होती. आणि बाईंनी तिला धरसोड करणारी म्हणून वर चार शब्द सुनावलेही होते. आता त्या ताडकन उठून बसल्या.

"चौथं लिहू नका, डॉक्टरबाई. मी पहिलंच घेत नाही."

"दर वेळी तर 'घेते' म्हणालात!"

"खोटं बोलले. घेता का, एवढंच तुम्ही विचारायचात. नाही म्हटलं तर बोलणी खायची, त्यापेक्षा हो म्हणून मोकळी व्हायचे. का घेत नाही, हे कुणी विचारलं?"

लेकीने कपाळावर हात मारला. डॉक्टरीणबाईंचा चेहरा क्षणभर लाल झाला. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि स्टूल ओढून खाटेजवळ बसल्या.

"आता विचारते. का?"

"ती लघवीची गोळी. घेतली की तासाभरात धावावं लागतं. धावू कुठे? शेवटच्या थांब्यावर पुरुष भिंतीकडे तोंड करून मोकळे होतात. डेपोत एकच धड संडास आहे, त्याला साहेबांचं कुलूप. म्हणून गोळी बंद केली. पुढे पुढे पाणीसुद्धा बंद केलं."

डॉक्टरीणबाईंनी बाईंच्या घोट्यावर बोट दाबून पाहिलं. "बदलून दुसरी देता आली असती," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या पायांना सूज आहे. तुम्हाला हीच लागू पडेल, आणि ही इथे फुकट मिळते. ही नीट घेतली असती तर कदाचित तिसरं औषध लागलंच नसतं. कामावर असताना संडासला जायची सोय होईल का?"

"होईल. कशी होत नाही तेच बघते."

बाई पुन्हा कामावर रुजू झाल्या त्या सकाळी गाडीकडे न जाता तडक डेपो मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरल्या.

"साहेब, संडासाची चावी बायकांच्या खोलीत राहू द्या."

"अर्ज करा. वर पाठवतो."

"तीनदा केलाय. वर गेला तो गेला, खाली आला नाही."

"बाई, नियम असतात. प्रत्येकाची गैरसोय बघत बसलो तर डेपो चालेल का?"

बाईंनी पर्समधून गोळी काढून तोंडात टाकली, साहेबांच्याच टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि घटाघट पिऊन टाकला. मग समोरची गादीची खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या.

"हे काय?"

"औषध. तासाभरात चढेल. चावी मिळाली तर तिकडे जाईन, नाही मिळाली तर मी इथून हलत नाही. खुर्ची तुमची, सतरंजी तुमची. बघा काय ते."

साहेब हसले. मग दरडावलं. मग फोनवर कुणाशी तरी बोलण्याचं सोंग केलं. बाहेर गाडी भरून उभी होती, प्रवासी खिडक्यांतून ओरडत होते. साहेबांनी ड्रायव्हरला बोलावून गाडी काढायला सांगितली. तो दारातच हाताची घडी घालून उभा राहिला.

"कंडक्टरशिवाय गाडी हलत नाही, साहेब. तुमचाच नियम."

त्याच्या मागे डेपोतल्या इतर कंडक्टर बायका जमल्या. कुणी जागची हलत नव्हती. थोड्या वेळाने बाई खुर्चीत चुळबुळ करू लागल्या, तसा साहेबांचा धीर सुटला. त्यांनी घाईघाईने ड्रॉवर उघडला आणि चावी टेबलावर आपटली.

"जा, जा बाई!"

"जाते. पण चावी परत येणार नाही."

ती आलीही नाही. पण साहेबांनी दात धरला. गाडी उशिरा सुटल्याबद्दल खुलासा मागणारा मेमो आला. बाईंनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'कारण : लघवी लागली होती.' कारकून म्हणाला, जरा सभ्य शब्द घाला. बाई म्हणाल्या, "सभ्य सोय केली असती तर घातला असता." वर्षाची पगारवाढ अडली. ड्रायव्हर हळहळला, बाई मात्र ढिम्म.

महिन्याभराने डॉक्टरीणबाईंनी दोनदा दाब मोजला आणि तिसऱ्या औषधावर काट मारली. लेकीने तिथेच विचारलं, पुन्हा क्लासला जाऊ का?

"विचारतेस काय? जा!"

"आता खरं सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी एकदाही चुकली नाही?"

"एकदा चुकली," बाई म्हणाल्या. "सुटी होती, लोळत पडले होते. त्यात साहेबांचा काही दोष नाही."