न फुटलेल्या टायरचं गाऱ्हाणं

अहो, आधी पाय काढा माझ्यावरचा. बोटीत चढायचं तर खुशाल चढा, पण मला पायरी समजू नका. मी टायर बोलतोय. ट्रकचा नव्हे, एसटीचा तर नव्हेच नव्हे. विमानाचा! हसा, हसा. इथे रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या धक्क्यावर, हे ऐकून सगळेच हसतात. बोटीच्या कुशीला दोरखंडाने बांधलेला, अंगाला मासळीचा वास मारणारा मी, आणि म्हणे विमानाचा!

माझ्या रबराच्या आत चिवट दोरांचे थर आहेत, एकावर एक घट्ट बसवलेले. ते दोर म्हणजेच माझा जीव. वरचं रबर हे नुसतं कातडं, ते झिजायचंच. झिजलं की नवं चढवतात, आणि माझ्या अंगावर ते बऱ्याच वेळा चढलं होतं. त्यात वावगं काही नाही, विमानांच्या टायरचं असंच चालतं. वावगं घडलं ते पुढे.

आमचं विमान लहानसं, पंख्याचं. मुंबई ते रत्नागिरी आणि परत. विमान जरा जास्त वेळ जमिनीवर उभं राहिलं की आमच्या कंपनीचे साहेब मुंबईहून फोनावर फोन करायचे. उभं विमान म्हणजे नुसता खर्च. त्याच हिशेबाने त्यांनी रत्नागिरीत ना इंजिनियर ठेवला, ना जादा टायर. "मुंबईत सगळं आहे की," असं म्हणायचे. चाकाने मात्र मुंबईतच झिजावं अशी व्यवस्था त्यांना काही करता आली नव्हती.

कॅप्टन आम्रपाली कांबळे हे विमान चालवायची. ती हातखंब्याकडची, इथलीच. तिची आई सुनंदाबाई शाळेत शिक्षिका होत्या. लेक पायलट झाली तेव्हा वाडीने विहारात तिचा सत्कार केला होता, पेढे वाटले होते. उड्डाणाआधी पायलटने विमानाभोवती फेरी मारून सगळं बघायचं असतं. बाकीचे लोक पावसात छत्रीखालून माझ्याकडे नजर टाकायचे आणि निघायचे, जसं काही मी त्यांचा दूरचा नातेवाईक आहे. आम्रपाली मात्र खाली बसायची आणि माझ्या अंगावरून तळवा फिरवायची.

श्रावणात एका सकाळी आम्ही इथे उतरलो. उतरताना मी जोरात घासलो गेलो. फेरी मारताना तिचा तळवा एका जागी थांबला. तिथलं रबर गेलं होतं आणि दोर दिसत होते. नियम असा की वरचा एकच थर तुटला असेल तर विमान मुंबईपर्यंत न्यायला मुभा आहे. त्याखालचाही तुटला असेल तर जागचं हलवायचं नाही.

तिने फोटो काढून मुंबईला पाठवला. लगेच साहेबांचा फोन आला.

"एकच थर दिसतोय, कॅप्टन. नियमात बसतंय. निघा."

"सर, फोटोला हात लावून बघता येत नाही. मला खालचाही तुटल्यासारखा लागतोय."

"लागतोय, की तुटलाय?"

तिने पुन्हा तळवा टेकवून बघितला. "खात्री देता येत नाही."

"म्हणजे तुटलेला नसेलही. मुंबईहून नवा टायर येईपर्यंत आजच्या सगळ्या फेऱ्या गेल्या. तुमचं हे काही पहिलं रद्द उड्डाण नव्हे. बाकी आम्ही जबरदस्ती करत नाही हं. निर्णय तुमचाच."

या वाक्याचा मला मनस्वी संताप येतो. निर्णय तुमचाच म्हणजे बोल लागला तर तो तुम्हाला, आणि पैसे वाचले तर ते आमचे!

आम्रपालीने उड्डाण रद्द केलं आणि प्रवाशांना सांगायला ती स्वतः गेली. तिथे जी आरडाओरड झाली ती मला बाहेर ऐकू आली. एक तरुण तर तिच्या मागोमाग विमानापर्यंत धावत आला. राजापूरकडच्या रावजी गुरवांचा हा मुलगा, विनोद. हातात नवी कोरी बॅग, कपाळावर आईने लावलेला अंगारा.

"मॅडम, संध्याकाळी माजं कुवेतचं विमान हाय. ही नोकरी गेली तर परत नाय मिळायची ओ. जरा बघा ना!"

"दादा, टायरची खात्री नाही. मी तुम्हाला नाही नेऊ शकत."

"येताना आला ना तो टायर? मग जाताना काय होतंय त्याला?"

मागून कोणीतरी ओरडलं, "गावची असून गाववाल्यांनाच अडवते!" तिने मान खाली घातली, पण शब्द फिरवला नाही.

कंपनीने लोकांना बसने पाठवलं. चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी रस्त्यावर आलेलं, बस तिथेच अडकली. विनोदचं कुवेतचं विमान गेलं, आणि नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली.

आता तुम्ही मला विचाराल, मी फुटलो असतो का? मलाही ठाऊक नाही! टायरला आपलं पोट आतून दिसत नाही. आम्रपालीने कंपनीला पुन्हा पुन्हा विनवलं की हा टायर कापून बघा, किती थर तुटलेत ते एकदा कळू द्या. सुरी घ्यायची आणि कापायचं, एवढंच काम. पण कोणी कापलं नाही. एक थर निघाला असता तर तिला बोल लावायची सोय झाली असती. दोन निघाले असते तर तिचं ऐकावं लागलं असतं. साहेबांना दोन निघण्याचीच भीती जास्त असावी. तिला बोलावून समज दिली, या मार्गावरून काढून दूर कुठेतरी पाठवलं. माझी रिम महागडी, ती तेवढी परत नेली. मला गाडीत जागा नव्हती म्हणून भंगारात टाकलं.

भंगारातून मला या बोटीच्या मालकाने, गंगारामशेटने, उचललं. बोट धक्क्यावर आपटू नये म्हणून मी मध्ये मार खायचा, ही माझी नवी नोकरी. आणि त्याच बोटीवर खलाशी म्हणून कोण आला असेल? विनोद! मी कोण ते गंगारामने त्याला हसत हसत सांगितलं. तेव्हापासून बोटीत चढताना एक लाथ आणि उतरताना एक.

दिवाळीच्या सुट्टीत आम्रपाली आईबरोबर मासळी घ्यायला धक्क्यावर आली. विनोदने तिला गाठलं.

"मॅडम, वळखलंत काय? कुवेतवाला. आनि ह्यो तुमचा टायर. आता तरी खरं सांगा, फुटला असता काय?"

सुनंदाबाईंनी लेकीचा हात ओढला. पण ती वाकली आणि माझ्या त्याच जागेवर तिने तळवा ठेवला.

"माहीत नाही."

"माजी नोकरी गेली, आनि तुमाला म्हायत नाय?"

"फुटणार हे माहीत असतं तर काय, कोणीही थांबलं असतं. फुटणार नाही असं मला म्हणता येईना, म्हणून थांबले. तुमचं नुकसान झालं, दादा. ते मला भरून देता येणार नाही."

ती गेल्यावर विनोदने मला आणखी जोरात लाथ हाणली.

मग गेल्या आठवड्यात बंदरावर वादळाचा बावटा लागला. बोटीत बर्फ भरलेला, डिझेल भरलेलं. गंगाराम धक्क्यावर येऊन ओरडला, "बावटा काय, लावतातच ते! निघा."

बाकीचे चढले. विनोद खालीच उभा राहिला.

"मालक, मी नाय येत."

"घाबरलास?"

"वारा वाढंल की नाय, मना ठाऊक नाय. वाढनार नाय असं तुमी सांगा, मी चढतो."

गंगारामने बावट्याकडे पाठ फिरवली. "मी काय जबरदस्ती करत नाय," तो म्हणाला. "तुजा तू बघ."

साहेब मुंबईत बसोत की मिरकरवाड्यात, वाक्य तेच!

विनोदच्या जागी दुसरा खलाशी घेऊन आम्ही गेलो. समुद्राने दणके दिले, पण वादळ बाजूने निघून गेलं आणि आम्ही बोट भरून सुरमई आणली. धक्क्यावर लोक विनोदला बघून हसले. "बघ, काय झालं?" गंगाराम म्हणाला. काहीच झालं नव्हतं. काही झालं नाही म्हणून थांबणारा मूर्ख ठरतो आणि पाठवणारा शहाणा. या एका गोष्टीने माझा जीव जळतो.

सगळे पांगल्यावर विनोद माझ्याजवळ आला. मी लाथेची वाट बघत होतो. तो उकिडवा बसला. त्या उघड्या दोरांवरून त्याने अंगठा फिरवला, मग कमरेची मासळीची सुरी काढून टोक तिथे टेकवलं. काप बाबा, मी मनात आक्रोश केला, एकदाचं काय ते कळू दे!

त्याने सुरी पुन्हा कमरेला खोचली.

"नको," तो म्हणाला. "एकच थर निघाला, तर काय मॅडम चुकल्या म्हनायचं?"

तेव्हापासून तो मला ओलांडून बोटीत चढतो. तुम्हीही पाय काढा.